मुरिलोचें ‘पवित्र कुटुंब’ व मुठींतलें पांखरूं

मुरिलो या स्पॅनिश चित्रकाराचें नांव निघालें कीं रसिक म्हणविणारा वर्ग किंचित् नाक मुरडतो. त्याची चित्रें फाजील गोड आहेत हा आक्षेप जुना आहे; आणि ढगांवर तरंगणाऱ्या त्याच्या मेरी पाहिल्यावर तो अगदींच निराधार आहे असें आम्हांसही म्हणवत नाहीं. परंतु माद्रिदच्या प्रादो संग्रहालयांतील, सुमारें १६५० सालचें हें चित्र त्या आक्षेपाखालीं येत नाहीं.

काळोख्या खोलींत डावीकडे मेरी सूत गुंडाळतां गुंडाळतां थांबली आहे. काळ्या दाढीचा, भर वयांतला जोसेफ बसला असून मागें त्याचें सुतारकामाचें बाक दिसतें. त्याच्या गुडघ्याशीं रेललेला बाळ येशू मुठींत पांखरूं धरून हात उंच करतो, आणि खालीं पांढरें कुत्रें त्याकडे टक लावून बसलें आहे. कोणाच्याही मस्तकामागें तेजोवलय नाहीं. देवदूत तर नाहींतच.

मूल आईजवळ नसून बापाजवळ आहे, हें वाचकांनीं अवश्य पाहावें. जुन्या चित्रांत जोसेफ पुष्कळदां कोपऱ्यांत पेंगणारा म्हातारा असे. सोळाव्या शतकांत संत तेरेसानें त्याच्या भक्तीचा पुरस्कार केला, ती स्पेनमध्यें वाढली, आणि येथें तर तो घराचा मध्यच झाला आहे.

पांखरूं म्हणजे पुढील क्रूसाची सूचना, असा अर्थ जाणते लावतात. तो खराही असेल. पण डोळ्यांना आधीं प्रश्न पडतो तो निराळाच: मूल पांखराला कुत्र्यापासून वांचवीत आहे, कीं पांखरूं दाखवून कुत्र्याला खिजवीत आहे? मूठ तर घट्ट आहे. मुलांचें प्रेम व निर्दयपणा किती जवळजवळ राहतात हें ज्याच्या घरांत मूल आहे त्याला सांगावयास नको. चित्रकारानेंही तें झांकलेलें नाहीं. निव्वळ गोडव्याच्या मागें लागलेल्या माणसानें ही मूठ सैल केली असती.

शिवाय हें घर कोणी व केव्हां रंगविलें तें लक्षांत घ्यावें. मुरिलोचे आईबाप तो दहाएक वर्षांचा असतांना वारले; थोरल्या बहिणीच्या घरीं तो वाढला. १६४९ सालीं सेव्हिलमध्यें प्लेग आला व शहराची सुमारें निम्मी वस्ती गेली. त्याच सुमारास, त्याच शहरांत, बापाच्या गुडघ्याला टेकलेलें हें मूल त्यानें काढलें.

आमची तक्रार एकच. मेरीला त्यानें कडेच्या अर्धवट उजेडांत बसविलें आहे, आणि तिचा चेहरा शोधावा लागतो.