‘केमिकलविरहित’ म्हणजे नेमके काय?

काही वर्षांपूर्वी एका तालुकास्तरीय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग आला. आठवीच्या तीन मुलींनी चेहऱ्याला लावायचे मलम तयार केले होते. कोरफडीचा गर, थोडे खोबरेल, तुळशीचा अर्क आणि ‘ई’ जीवनसत्त्वाच्या दोन कॅप्सूल. मागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत तीन विधाने होती : ‘बाजारातील क्रीममधील पॅराबेनमुळे कर्करोग होतो. आमचे मलम १०० टक्के केमिकलविरहित आहे. नैसर्गिक असल्यामुळे ते दोन महिने टिकते.’ मुली न अडखळता बोलत होत्या. आम्ही त्यांना दुसरा क्रमांक दिला. मलमाच्या लहान डब्या विक्रीलाही होत्या आणि पालक त्या हौसेने घेत होते.

‘दोन महिने टिकते हे तुम्हाला कसे कळले?’ हा प्रश्न आम्हां परीक्षकांपैकी एकानेही विचारला नाही. ती चूक मुलींची नव्हे, आमची होती. तक्त्यावरची विधाने आजही वेष्टनांवर आणि जाहिरातींत सर्रास दिसतात. म्हणून जे परीक्षण तेव्हा राहून गेले, ते आता करू.

पहिले विधान कर्करोगाचे. पॅराबेन म्हणजे पॅरा-हायड्रॉक्सिबेंझोइक आम्लाची एस्टरे. मिथिल, एथिल, प्रोपिल, ब्युटिल अशी त्यांची मालिका आहे. क्रीममध्ये पाणी असते, तेल असते आणि जिवाणूंना व बुरशीला पोसणारे इतर घटकही असतात. डबीत बोट घातले की दर वेळी नवे जिवाणू आत जातात. त्यांची वाढ रोखण्यासाठी जे अल्प प्रमाणात घालतात, त्याला परिरक्षक म्हणतात.

पॅराबेनविषयीची शंका निराधार नाही. १९९८ साली ब्रिटनमधील संशोधकांनी यीस्टच्या पेशींवर केलेल्या चाचणीत पॅराबेन हे इस्ट्रोजेन या संप्रेरकासारखे वागतात, पण अतिशय क्षीणपणे, असे आढळले. तपासलेल्यांपैकी सर्वांत प्रभावी ठरलेल्या ब्युटिल पॅराबेनची क्षमताही इस्ट्रॅडिऑलच्या सुमारे दहा हजारांश होती. पुढे २००४ साली रीडिंग विद्यापीठातील फिलिपा डार्बर आणि सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या २० गाठींचे नमुने तपासले. त्यांत ग्रॅममागे सरासरी सुमारे २० नॅनोग्रॅम पॅराबेन सापडले. पॅराबेन शरीरात पूर्णपणे विघटित होतात असे मानले जाई. ते अखंड स्वरूपातही ऊतींत सापडतात, हे या शोधनिबंधाने दाखवले. त्याचे हे श्रेय मान्य केलेच पाहिजे.

परंतु निरोगी ऊतींचे नमुने या अभ्यासात तपासलेच नव्हते. तापाने आजारी असलेल्या २० मुलांची दप्तरे उघडली आणि सगळ्यांत पेन्सिल निघाली, तर पेन्सिलीने ताप येतो असे म्हणता येईल का? त्यासाठी बऱ्या मुलांची दप्तरेही उघडावी लागतात. शिवाय तुलनेसाठी घेतलेल्या ऊतीविरहित कोऱ्या नमुन्यांतही पॅराबेन आढळले होते आणि ते वजा करावे लागले होते. पॅराबेनमुळे कर्करोग झाला असा आमचा दावा नाही, असे लेखकांनी स्वतःच त्याच वर्षी स्पष्ट केले. २०१२ च्या अभ्यासात ४० स्त्रियांच्या १६० नमुन्यांपैकी १५८ नमुन्यांत पॅराबेन मिळाले. त्यांतील ७ स्त्रियांनी काखेत लावायची प्रसाधने कधीच वापरली नव्हती! म्हणजे पॅराबेन शरीरात इतर वाटांनीही येतात. ‘सापडले’ आणि ‘त्यामुळे झाले’ यांतले अंतर संशोधकांनी राखले, जाहिरातींनी मात्र ते पुसून टाकले.

मग काळजीचे काहीच कारण नाही का? आहे, पण ते सरसकट नाही. एस्टरची कार्बन-साखळी लांबत जाते तशी जिवाणूरोधक शक्ती वाढते आणि इस्ट्रोजेनसदृश गुणही वाढतो. म्हणूनच २०११ मध्ये डेन्मार्कने तीन वर्षांखालील बालकांच्या प्रसाधनांत प्रोपिल आणि ब्युटिल पॅराबेनवर बंदी घातली. २०१४ मध्ये युरोपीय संघाने पाच पॅराबेनांना मनाई केली, प्रोपिल व ब्युटिलची मर्यादा ०.१४ टक्क्यांवर आणली आणि मिथिल व एथिलची ०.४ टक्क्यांची मर्यादा तशीच ठेवली. एकाच कुळातील पदार्थांना असे वेगवेगळे नियम लावण्यात जो विवेक दिसतो, तो ‘पॅराबेनमुक्त’ या एका शब्दात मावत नाही.

दुसरे विधान ‘केमिकलविरहित’ असल्याचे. पाणीसुद्धा रसायनच आहे, असे उत्तर आपण विज्ञानशिक्षक यावर तत्परतेने देतो. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. आपल्या अंगाला काय लावले जात आहे ते कळावे, एवढीच बोलणाऱ्याची मागणी असते आणि ती रास्त आहे. तिची थट्टा करून भागत नाही. त्याऐवजी एक पदार्थ काढला तर त्याच्या जागी काय आले, हे विचारायला शिकवावे.

याचा धडा युरोप-अमेरिकेत महागात शिकावा लागला. पॅराबेनविषयी भीती पसरू लागली त्याच काळात, २००५ मध्ये, मिथिलआयसोथायझोलिनोन हे परिरक्षक प्रसाधनांत स्वतंत्रपणे वापरण्यास युरोपात परवानगी मिळाली. काही वर्षांतच त्वचेला खाज, पुरळ, चट्टे उठलेले रुग्ण त्वचारोगतज्ज्ञांकडे मोठ्या संख्येने येऊ लागले. अमेरिकेतील स्पर्शजन्य त्वचादाहाच्या तज्ज्ञ संस्थेने २०१३ मध्ये या पदार्थाला ‘वर्षाचा ॲलर्जीकारक’ ठरवले. लावून धुऊन न टाकायच्या प्रसाधनांतून युरोपने २०१७ मध्ये तो हद्दपार केला. आणि २०१९ मध्ये त्याच अमेरिकी संस्थेने ‘ॲलर्जीकारक नसलेला’ म्हणून आवर्जून नाव घेतले ते पॅराबेनचे!

तिसरे विधान नैसर्गिक असल्यामुळे टिकण्याचे. ‘ई’ जीवनसत्त्व तेलाचे ऑक्सिडीकरण मंदावते, म्हणजे तेल खवट होणे लांबवते. जिवाणूंना ते अडवत नाही. टिकणे या एका शब्दाखाली दोन वेगळ्या क्रिया दडलेल्या असतात. वनस्पतींच्या अर्कांत जिवाणूरोधक घटक असतात हे खरे, पण घरगुती अर्कात त्यांचे प्रमाण किती, हे कोणी मोजत नाही. ते पुरेसे वाढवले तर नवा प्रश्न उभा राहतो. लवंगेतील युजेनॉल काहींच्या त्वचेला सोसत नाही. पपनसाच्या जातीच्या ग्रेपफ्रूटच्या बियांचा अर्क ‘नैसर्गिक परिरक्षक’ म्हणून बराच गाजला. १९९९ मध्ये जर्मनीतील संशोधकांनी असे सहा अर्क तपासले. पाच अर्क जिवाणूंवर परिणामकारक ठरले आणि त्या पाचांतही बेंझेथोनियम क्लोराइड हे कृत्रिम जंतुनाशक निघाले. ज्यात कोणतेच परिरक्षक नव्हते, तो सहावा अर्क निष्प्रभ ठरला.

आपल्या परंपरेने हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला होता. दिवाळीचे उटणे कोरडे असते आणि लावताना तेवढ्यापुरतेच भिजवतात. शिकेकाई, रिठा कोरडेच साठवतात. टाचांच्या भेगांना लावायच्या कोकमाच्या तेलात पाणी नसते. पाणी नसले की जिवाणू वाढत नाहीत, म्हणून परिरक्षक लागत नाही. त्या मुलींनी परंपरेतली वनस्पती घेतली, पण परंपरेतली युक्ती सोडली. कोरफडीच्या गरात बहुतांश पाणीच असते. तो डबीत भरून दोन महिने ठेवणे हा आजीबाईंचा बटवा नव्हे.

वर्गात हे पडताळता येईल. उकळून घेतलेल्या चार बाटल्यांत कोरफडीचा गाळलेला रस घ्यावा. पहिलीत काहीच घालू नये. दुसरीत तुळशीचा अर्क, तिसरीत ‘ई’ जीवनसत्त्व आणि चौथीत लिंबाचा रस व सरबतासाठी मिळणारे चिमूटभर सोडियम बेंझोएट घालावे (ते आम्ल माध्यमातच नीट काम करते, हेही मुलांना सांगावे). बाटल्या घट्ट बंद करून दररोज गढूळपणा, बुडबुडे, बुरशी यांची नोंद ठेवावी. त्या उघडू नयेत, हुंगू नयेत आणि आतले काहीही अंगाला लावू नये. शेवटी एक गोष्ट नक्की सांगावी : मिलिलिटरमध्ये काही लाख जिवाणू असले तरी द्रव डोळ्यांना नितळ दिसू शकतो. म्हणून ‘गढूळ झाले’ यावरून बिघडल्याचे कळते. पण ‘नितळ आहे’ यावरून सुरक्षित असल्याचे कळत नाही.

पुढे कधी असे मलम परीक्षणाला आले, तर मुलींना नाउमेद करण्याचे कारण नाही. त्यांना एवढेच विचारावे : पहिली बाटली कुठे आहे? जिच्यात काहीच घातलेले नाही, ती.