‘संत तुकाराम’ : चित्रपट मोकळा, अभंग नाही

पनवेलच्या आमच्या वाचनालयात प्रभातचा ‘संत तुकाराम’ दाखवायचे ठरले आणि सोबतची चार पानी पुस्तिका माझ्याकडे आली. बीज आणि वृक्षाचा तो प्रसिद्ध अभंग मी तुकोबांच्या नावाने छापून मोकळा झालो. ‘पावणेचारशे वर्षांपूर्वीचा संत, १९३६ चा चित्रपट, आता हक्क कोण सांगणार?’ हे माझेच वाक्य. एक निवृत्त शिक्षक गाथा घेऊन आले आणि शांतपणे म्हणाले, ‘यात दाखवा.’

गाथेत तो नाहीच. तो प्रभातसाठी शांताराम आठवले यांनी लिहिला.

मग मी हिशेबाला बसलो. १९५७ च्या कायद्याने चित्रपटाला प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून ५० वर्षे दिली होती. म्हणजे १९८६ अखेर मुदत संपली. पुष्कळ जण ६० मोजून १९९६ सांगतात. पण ५० ची ६० झाली ती १९९१-९२ मध्ये, रवींद्रनाथांच्या साहित्याचा हक्क संपत आला तेव्हा. आणि त्या दुरुस्तीने आधीच संपलेले हक्क पुन्हा जिवंत केले नाहीत. जुन्या कायद्याची शेपटी आहेच. तेव्हा चित्रपट हा स्वतंत्र प्रकार नव्हता. छायाचित्रे मानली तर निगेटिव्हपासून ५० वर्षे, नाट्यकृती मानली तर कर्त्याच्या मृत्यूपासून मोजणी. या दुसऱ्या वाटेने वाद घालता येईल; मला पहिली पटते. (रीळ मिळणे ही निराळीच गोष्ट. हक्क संपला म्हणून कोणी प्रत आणून हातात ठेवत नाही.)

अभंगाचे गणित मात्र वेगळे. आठवले १९७५ मध्ये वारले. दुरुस्तीच्या वेळी त्यांच्या शब्दांची मुदत चालू होती, म्हणून ती ६० वर्षांची झाली : २०३५ अखेरपर्यंत. हक्क कवीचा की कंपनीचा, हे करारपत्र सांगेल. मुदत मात्र कवीच्या मृत्यूपासूनच मोजायची.

म्हणजे तुकोबांचे खरे अभंग सर्वांचे, दामले-फत्तेलाल यांचा चित्रपट माझ्या मते सर्वांचा, आणि ज्याला आपण हमखास तुकोबांचे समजतो तेवढेच अजून कोणाचे तरी. हे आठवल्यांच्या यशाचे माप आहे. विष्णुपंत पागनीस ते गातात तेव्हा शब्द लिहिलेले वाटत नाहीत, त्या माणसाला तिथल्या तिथे सुचलेले वाटतात. गाथेतल्या अभंगांशेजारी ठेवले तरी जोड दिसत नाही. नक्कल असती तर एखादा जुना प्रत्यय, एखादी ओढूनताणून आणलेली नाममुद्रा उघडी पडली असती. आठवल्यांनी तुकोबांची भाषा उसनी घेतली नाही, दृष्टान्त देण्याची रीत घेतली. चित्रपटावर लिहिणाऱ्यांनी पागनीसांवर पानेच्या पाने लिहिली. १९३७ च्या व्हेनिस महोत्सवातला गौरव तर प्रत्येक लेखात असतो. या कवीच्या वाट्याला बहुधा ‘गीते’ या शब्दापुढची एक ओळ येते.

पुस्तिकेच्या शंभर प्रती वाटून झाल्या होत्या. उरलेल्यांत मी चिठ्ठी चिकटवली, आठवल्यांचे नाव घालून. दुसऱ्या छपाईत अभंगाचे शब्द काढले, नाव ठेवले.