भित्तिपत्रकातील अर्धे विज्ञान

साबणाने विषाणूचे स्निग्ध आवरण विरघळते, असे सांगणारी कोविडकाळातील भित्तिपत्रके करोनापुरती बरोबर आहेत. सरसकट सर्व विषाणूंना हा नियम लावणे चूक. १९५३ साली प्रथम वेगळ्या केलेल्या अ‍ॅडिनोविषाणूला असे आवरणच नसते, असते ते प्रथिनांचे कवच. म्हणून त्याच्यावर अल्कोहोलचा सॅनिटायझर कमी प्रभावी ठरतो; साबण-पाणी मात्र त्याला हातावरून धुऊन काढते. २०२३च्या आरंभी पश्चिम बंगालमध्ये या विषाणूच्या साथीत अनेक मुलांना न्यूमोनिया झाला, काही दगावली. जोगेश्वरीसारख्या दाट वस्तीतील शाळेत तेव्हा बाटलीपेक्षा नळाचे पाणी महत्त्वाचे. धाप लागलेल्या तापकरी मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्यावे, हेही भित्तिपत्रकात हवे.