कर्तृलोप आणि कारभार

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वाशीम जिल्हा वेगळा झाला. १९०५ पर्यंत तो वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होताच. रिसोड-मानोऱ्याच्या शेतकऱ्यास कचेरी जवळ आली. परंतु कचेरीची भाषा जवळ आली काय? १९६२ च्या ‘पदनाम कोशा’स अत्र्यांनी ‘बदनाम कोश’ म्हटले, ते शब्दांच्या दुर्बोधतेमुळे. आमच्या मते खरा दोष शब्दांहून वाक्यरचनेत अधिक आहे. ‘कार्यवाही करण्यात येईल’ हा प्रयोग व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे. परंतु त्यात कर्ता नाही आणि भविष्यकाळास मुदत नाही. मग जाब विचारावा कोणास? महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ याने अधिसूचित सेवांपुरती ही उणीव भरून काढली. त्याने सेवेस मुदत व ‘पदनिर्देशित अधिकारी’ दिला. कसुरीस ५०० ते ५,००० रुपये शास्ती ठेवली. संज्ञा बोजड खरी, पण तिने क्रियापदास कर्ता दिला. मात्र अर्जदाराच्या हाती पडणारे पत्र कर्तृहीनच राहिले, तर कायद्याने दिलेला हक्क भाषेने हिरावून घेतला, असेच म्हणावे लागेल.