‘सामना’ आणि प्रेक्षकांचा आक्षेप

विजय तेंडुलकरांनीं लिहिलेला ‘सामना’ हा कृष्णधवल चित्रपट १९७५ सालीं बर्लिनच्या महोत्सवांत दाखविला गेला. कित्येक प्रेक्षकांचा आक्षेप असा कीं, निळू फुले यांचा साखरसम्राट हिंदुराव इतका लोभस आहे कीं त्याच्या पापाची चीड येत नाहीं. आमच्या मतें हाच चित्रपटाचा गुण होय. अमेरिकेच्या ‘ऑन द वॉटरफ्रंट’मधील (१९५४) गोदी-संघटनेचा पुढारी उघड गुंड आहे, हिंदुराव दाता आहे. चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानांत ऊस फारसा नसला, तरी जंगल कामगारांच्या सहकारी संस्था आहेत. तेथील वाचकानेंही हा भेद ओळखावा. सहकार गिळणारा राक्षसाच्या रूपानें नव्हे, उपकारकर्त्याच्या रूपानें येतो. म्हणूनच नाहींशा झालेल्या मारुती कांबळेचा शोध न सोडणारा श्रीराम लागूंचा मद्यपी मास्तर आम्हांस थोर वाटतो. उपकारानें वाकलेल्या गांवांत प्रश्न विचारणें, हाच खरा सामना.