‘नटसम्राट’ आणि राजाचे म्हातारपण

वि. वा. शिरवाडकरांचे ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. तेव्हापासून आपली समीक्षा त्यात प्रामुख्याने एकच प्रश्न वाचीत आली आहे : पोटची मुले कृतघ्न का झाली? प्रश्न खोटा नाही, अपुरा आहे. आप्पासाहेब बेलवलकरांजवळ मुलांना वाटून द्यायला काहीतरी होते. ज्यांच्याजवळ काहीच नव्हते, त्यांच्या म्हातारपणाला शोकांतिकेचा मान कोण देणार?

रस्त्यावर आलेल्या आप्पासाहेबांना जवळ करतो तो राजा, बूटपॉलिश करणारा पोरगा. नाटककाराची माणुसकीवरची ही श्रद्धा मोलाची आहे. परंतु राजाचे प्रयोजन नायकाला आसरा देण्यापुरतेच. वर्गात हे नाटक शिकवताना विद्यार्थ्यांचे डोळे आप्पासाहेबांसाठी पाणावतात. राजा म्हातारा झाल्यावर त्याला कोण सांभाळील, हे मात्र मुद्दाम विचारावे लागते.

आज राजाची जागा ब्युरोतून येणाऱ्या मावशीने घेतली आहे. बारा तासांची पाळी, मलमूत्र काढणे, कूस बदलणे, घास भरवणे. पिरंगुटच्या पुढे पौड रस्त्यावरील कासार आंबोलीसारख्या गावातून एखादी बाई शहरात दुसऱ्याची आई सांभाळायला जाते, तेव्हा तिच्या अंथरुणाला खिळलेल्या सासूपाशी कोण असते? आणि घाण काढण्याचे काम जातीने ज्यांच्यावर लादले, त्यांच्याच लेकीबाळींकडे हे काम पुन्हा का येते?

शासनाची भाषाही कथेचीच आहे. महाराष्ट्रातील निराधार वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेला ‘श्रावणबाळ’ हे नाव आहे. वाल्मीकीच्या रामायणात हा मुनिकुमार स्वतःला वैश्य पित्याचा व शूद्र मातेचा पुत्र म्हणवतो आणि मरता मरता दशरथाचे ब्रह्महत्येचे भय दूर करतो. म्हणजे सेवाही शूद्रेच्या पोराने करायची आणि मारणाऱ्याला धीरही त्यानेच द्यायचा!

२००७ च्या कायद्याने आईबापांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली. रोजंदारीवरच्या मुलाने ती कशातून पार पाडावी? संविधानाचा अनुच्छेद ४१ वृद्धापकाळातील साहाय्याची तरतूद राज्याने आपल्या ऐपतीनुसार करावी असे सांगतो. तिथे श्रावण नाही, नागरिक आहे.

आमच्या लेखकांनी या नागरिकाकडे वळावे. राजाचे म्हातारपण लिहावे. मावशीची मजुरी, तिची हक्काची सुट्टी, तिचे निवृत्तिवेतन यांवर लिहावे. वृद्धांच्या सेवेची नीती बोलणाऱ्या प्रत्येकाला आधी हेच विचारले पाहिजे : ही सेवा कोण करतो, आणि त्याच्या हातात काय पडते?