प्रवेशाचा हक्क आणि परतीची वाट

शिक्षणाचा खर्च शासनाने व्हाउचरच्या रूपाने पालकाच्या हाती द्यावा व शाळेची निवड त्याच्यावर सोपवावी, ही कल्पना मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ मध्ये मांडली. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यातील कलम १२ हे तिचेच भारतीय रूप होय, असे मानण्याचा मोह होतो. या कलमान्वये विनाअनुदानित खाजगी शाळेने प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील बालकांना द्यावयाच्या असून, त्यांचा ठराविक मर्यादेपर्यंतचा खर्च शासन शाळेस भरून देते. परंतु हे साम्य वरवरचे आहे. फ्रीडमन यांचे व्हाउचर बालकाबरोबर जाते. येथील हक्क त्या एका शाळेशी बांधलेला आहे.

याचा प्रत्यय शाळा बदलताना येतो. कलम ५ बालकास शाळा बदलण्याचा हक्क देते. मात्र विनाअनुदानित शाळा त्यातून वगळते. अर्थात खाजगी शाळा सोडणाऱ्या बालकाची हक्काची वाट सार्वजनिक वा अनुदानित शाळेकडेच जाते.

अहिल्यानगर जिल्ह्यात या तरतुदीचा अर्थ विशेष स्पष्ट होतो. पाथर्डी तालुक्यातील अनेक कुटुंबे ऊसतोडीच्या हंगामात गाव सोडतात. अशा एखाद्या बालकास गावाजवळील इंग्रजी शाळेत राखीव जागा मिळाली आणि आईबापांबरोबर त्यालाही प्रवरेच्या परिसरात जावे लागले, तर जागा मागे राहते, बालक तेवढे पुढे जाते. दाखल्यास विलंब झाला म्हणून तेथील जिल्हा परिषदेच्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही, हे कायदा स्पष्टपणे सांगतो. परंतु माध्यम बदलल्याने त्या बालकाचे जे अडते, त्याची जबाबदारी तो कोणावरही टाकत नाही. कलम ४ मधील विशेष प्रशिक्षण शाळाबाह्य बालकापुरते आहे. गावीच राहणाऱ्या बालकाचेही शुल्कसंरक्षण आठवीअखेर संपते.

सार्वजनिक शाळेकडे वळणे ही अवनती नव्हे. कोणासही न नाकारणारी शाळा हाच या कायद्याचा खरा आधार आहे. आक्षेप आहे तो या शाळेला गृहीत धरण्यावर. शासकीय वा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खाजगी शाळांना सूट देणारा महाराष्ट्र शासनाचा फेब्रुवारी २०२४ चा नियमबदल मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये रद्द केला. तो वादही मूलतः प्रवेशाचाच होता. परतणाऱ्या बालकाबरोबर भाषेचे साहाय्य आणि त्यासाठीचा निधी जोवर येत नाही, तोवर हा हक्क प्रवेशापुरताच राहील. त्यास शिक्षणाचा हक्क म्हणता येणार नाही.